काळ्या दगडाचा दिवा

नागपूरच्या महाल भागातला भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा होता, आणि त्यावर लाकडी कोरीवकामाची लयलूट होती. १८६४च्या आगीत वाडा गेला, मागे मोठा दरवाजा तेवढा राहिला. लाकूड जळतं, दगड आगीला पुरून उरतो. आगीशी रोज गाठ पडणारी वस्तू आपल्याकडे याच काळ्या दगडात घडवली गेली, याचं म्हणूनच नवल वाटत नाही. ती वस्तू म्हणजे दिवा.

दगडी दिवा माणसाच्या फार जुन्या सोबत्यांपैकी. फ्रान्समधल्या लास्को गुहेत १९६० साली सुमारे सतरा हजार वर्षांपूर्वीचा तांबड्या वालुकाश्माचा दिवा सापडला. जनावराची चरबी घालून पेटवायचा. त्याला सुबक दांडा आहे, कारण वालुकाश्म लवकर तापतो आणि हात पोळतो. चुनखडीचे दिवे तितके तापत नाहीत, त्यांना दांड्याची गरज फारशी पडली नाही. दिव्याचा घाट असा दगडानेच ठरवला.

आपल्याकडचा काळा पाषाण टाकीची धार पाहता पाहता खातो, म्हणून पाथरवटाच्या कामाशेजारी भाता-भट्टी हवीच. आधी दगडावर हातोडी वाजवून बघायची. खणखणीत नाद आला तर दगड एकसंध. बद्द वाजला तर आत चीर. अशा दगडात दिवा कोरला, तर तेल हळूहळू मुरणार. मग मधोमध खोलवा घेत कडेकडे यायचं. वातीची चोच सगळ्यात शेवटी, कारण एका चुकीच्या घावात ती उडते. हे काम जवळून पाहिलं की कोरीव मूर्तीइतकाच आदर साध्या दिव्यालाही द्यावासा वाटतो.

याच दिव्याचा देवळापुढे झाड झालेला अवतार म्हणजे दीपमाळ. जेजुरीच्या गडावर चढताना त्या एकामागून एक भेटतात. दीपमाळेचे हात नुसते बाहेर चिकटवलेले नसतात. लांब दगडाचा मागचा भाग खांबाच्या पोटात जातो आणि वरच्या थरांचं ओझं त्याला दाबून धरतं. हातांवर पणत्या ठेवतात. कित्येक ठिकाणी दिवे लावणारा त्याच हातांवर पाय देत वर चढतो. गोव्यात मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ दिसायला वेगळाच, मजल्यामजल्याने चढणारा आणि कोनाड्यांचा.

नागपूरकरांना त्रिपुरी पौर्णिमा म्हटली की रामटेकला पेटवला जाणारा टिपूर आठवतो. गावोगावच्या दीपमाळाही त्याच रात्री उजळतात, निदान उजळायला हव्यात. आज अनेकींना ऑइलपेंट फासलाय, हातांना भोकं पाडून बल्ब लावलेत. ते पाहून जीव तुटतो. रंग काढायचाच असेल तर तारेचा ब्रश चालवू नये. पाथरवटाच्या टाकीच्या खुणा त्याने कायमच्या जातात.