पुसलेला व्रण

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग १९८० साली प्रसिद्ध झाला. प्रयोगासाठी आलेल्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर रंगभूषेने एक ठसठशीत व्रण काढायचा, तो तिला आरशात दाखवायचा आणि मग तिला एका अनोळखी माणसाशी बोलायला पाठवायचं, असा बेत होता. मात्र त्याआधी, व्रण सुकून तडकू नये म्हणून क्रीम लावतो, असं सांगून तो गुपचूप पुसून टाकला जाई. चेहरा पहिल्यासारखा स्वच्छ झालेला असे, पण ते त्या व्यक्तीला ठाऊकच नसे.

बोलणं आटोपल्यावर या लोकांना अनुभव विचारला. समोरचा माणूस अवघडला होता, आपल्याशी कीव केल्यासारखा बोलत होता, असं त्यांचं म्हणणं पडलं. काहींची अशी समजूत करून दिली होती की, तुम्हाला अपस्माराचा त्रास आहे हे समोरच्याला कळवलं आहे. त्यांनाही वागणुकीत तेच दिसलं. ज्यांच्याबाबत फक्त ॲलर्जीचा उल्लेख केल्याचं सांगितलं होतं, त्यांना मात्र वावगं काही जाणवलं नाही.

यातलं कुणी खोटं बोलत नव्हतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कोणत्याही बोलण्यात माणसं मध्येच थांबतात, नजर हलवतात, शब्द शोधतात. एरवी आपण तिकडे लक्ष देत नाही. पण चेहऱ्यावर व्रण आहे असं मनाने धरलं, की त्या साध्या थांबण्यालाही कारण सापडतं.

चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञाने १९०२ सालीच हे ओळखलं होतं. आपली स्वप्रतिमा लोकांच्या नजरेत घडते, पण ती नजर आपल्याला थेट दिसत नाही. आपण त्यांना कसे दिसत असू आणि त्यावर त्यांचं मत काय झालं असेल, याचा आपण तर्क करतो आणि त्या तर्कावरच सुखावतो किंवा शरमतो. म्हणजे समोरच्याला उत्तर देताना आपण पुष्कळदा आपल्याच तर्काला उत्तर देत असतो.

घरात हे रोज चालतं. ताटावर बसलेल्या सासूबाई म्हणतात, “आज आमटी वेगळी लागतेय.” नवऱ्याच्या ते कानावरही जात नाही. माहेरी आलेली लेक विचारते, “काय घातलंस गं वहिनी?” पण या घरात आपला स्वयंपाक रोज तपासला जातो असं मनात धरून बसलेली सून म्हणते, “आमसूल संपलंय, चार दिवस सांगतेय. चिंच घातली.” आता सासूबाईंना वाटतं, घरात लक्ष नसल्याचा ठपका आपल्यावर आला. त्या गप्प होतात. ती गप्प बसण्याची तऱ्हा बघून सुनेची खात्री पटते, की आमटी आवडली नव्हतीच. चिंचेची आमटी चांगली झाली आहे, हे सांगायचं राहूनच जातं.

समज दुसऱ्या बाजूनेही काम करतो. मिनेसोटा विद्यापीठात मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली काही तरुणांना अनोळखी तरुणींशी फक्त आवाजावरून गप्पा मारायला बसवलं. प्रत्येक तरुणाला आधी एक फोटो दिला. काहींना देखण्या मुलीचा, काहींना तितक्या देखण्या नसलेल्या मुलीचा. बोलणाऱ्या मुलीशी त्या फोटोचा काही संबंध नव्हता आणि फोटोची गोष्ट तिला माहीतही नव्हती. नंतर तिऱ्हाईत परीक्षकांना फक्त मुलींचा आवाज ऐकवला. ज्या मुली ‘देखण्या’ समजल्या गेल्या होत्या, त्या बोलण्यात अधिक मोकळ्या आणि मनमिळाऊ वाटल्या. तरुण ज्या आपुलकीने बोलला, तिला त्या प्रतिसाद देत होत्या. समोरच्याने मनात धरलेली प्रतिमा मुलीच्या आवाजात उतरली, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

हे प्रयोग सांगताना एक धोका असतो. दुखावलेल्या माणसाला ‘हे सगळं तुझ्या मनात आहे’ असं ऐकवायला ते फार सोयीचे पडतात. त्याला माझा ठाम विरोध आहे, कारण अपमान खराही असतो. १९०१ साली लहानगा भीमराव घरातल्या इतर मुलांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे निघाला आणि मसूर स्टेशनावर उतरला. मुलांच्या अंगावर नवे कपडे, डोक्यावर झगमगीत टोप्या होत्या. स्टेशनमास्तर चौकशीला आले. मुलं महार आहेत हे कळताच त्यांचा चेहरा पालटला आणि ते निघून गेले. पुढे एक गाडीवान तयार झाला, तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. मुलं तीच, कपडे तेच. जातीचं नाव कानावर पडलं आणि वागणंच पालटलं. इथे व्रण बघणाऱ्याच्या नजरेत होता, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली.

खरा अपमान आणि मनाने धरलेला अपमान यांची गुंतागुंत कशी होते, हे बघायचं असेल तर पुण्या-मुंबईच्या कॉलेजातला पहिल्या वर्षाचा वर्ग बघावा. खानदेशातून, मराठवाड्यातून, विदर्भातून आलेला मुलगा उत्तर द्यायला उभा राहतो. बोलण्याच्या ओघात ‘पाणी’चं ‘पानी’ होतं आणि पुढच्या बाकावर कुणी तरी हसतं. ते हसू खरं असतं. पण त्यानंतरच्या कुजबुजीत तोच विषय असेल असं नाही. मुलाला मात्र प्रत्येक कुजबूज आपल्याबद्दलच वाटते. तो वाक्य आधी मनात जुळवतो, ‘ण’ तपासतो, आणि तोवर प्रश्न पुढे गेलेला असतो. हळूहळू तो मागच्या बाकावर जातो. आता शिक्षकांचा समज होतो, की याला काही येत नाही. ते त्याला विचारायचं सोडतात किंवा विचारलंच तर सोपं काही तरी, सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं विचारतात. तो एका शब्दात उत्तर देतो आणि शिक्षकांचा समज पक्का होतो.

हाच मुलगा संध्याकाळी होस्टेलच्या गॅलरीत गावाकडच्या मित्राशी फोनवर बोलत असतो. कापसाचा भाव, विहिरीची मोटार, बहिणीच्या सोयरिकीसाठी आलेले पाहुणे, सगळं हातवारे करत, नकला करत, तपशिलाने चाललेलं असतं. सकाळच्या वर्गातल्या कुणी ते ऐकलं, तर हा तोच मुलगा यावर त्याचा विश्वास बसणार नाही.

त्याला शुद्ध बोलायला शिकवा, हा उपाय नेहमी सुचवला जातो. मला तो अपुरा वाटतो, कारण त्यात सगळी दुरुस्ती त्यानेच करायची असते. वर्गात हसू फुटलं त्याच क्षणी शिक्षकांनी हसणाऱ्याला थांबवावं आणि ‘हां, पुढे बोल, तुझा मुद्दा काय होता?’ असं विचारून वाक्य पुरं होईपर्यंत त्याच्याकडे बघत उभं राहावं. पहिल्याच आठवड्यात हे झालं, तर त्या मुलाला मागच्या बाकावर जायचं कारण उरत नाही.