ग्राम-आरोग्यसेविका

ग्राम-आरोग्यसेविका : गावातूनच निवडलेली व प्राथमिक आरोग्यसेवेचे प्रशिक्षण घेतलेली स्त्री-कार्यकर्ती. आरोग्यसेवेच्या लाभातील विषमता केवळ रुग्णालयांच्या अभावी निर्माण होत नाही. अंतर, खर्च, जात, भाषा व संकोच ही तिची अन्य कारणे होत. मानवतसारख्या (जि. परभणी) बाजारपेठेच्या गावी वैद्य-डॉक्टर एकवटतात; परंतु भोवतालच्या खेड्यांतील शेतमजूर स्त्रीला तेथे जाण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते आणि परक्या पुरुषापुढे आपले दुखणे सांगणे तिला अवघड वाटते. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत राणी बंग व सहकारी यांनी केलेल्या व १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक विकार आढळले. तत्पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के होत्या.

रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेड (तत्कालीन अहमदनगर, सध्याचा अहिल्यानगर जिल्हा) येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. बाहेरून नेमलेल्या परिचारिका खेड्यांत रुजेनात, तेव्हा गावकऱ्यांनी निवडलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. त्यांपैकी अनेक निरक्षर व दलित होत्या. गर्भवतींची देखभाल, बाळंतपण, बालकांचे वजन, कुटुंबनियोजन, तसेच क्षय व कुष्ठरोग्यांचा पाठपुरावा ही कामे त्या करीत. रुग्णाची बोली, रूढी व घरची अडचण त्यांना ठाऊक असल्याने त्यांचा सल्ला पाळला जाई.

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात अर्भकांच्या गृहशुश्रूषेचे व जंतुदोषावरील इंजेक्शनाचे शिक्षण दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ३९ गावांतील नवजात-मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने सु. ६२ टक्क्यांनी घटले. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने साधारणतः दर हजार लोकसंख्येस एक ‘आशा’ कार्यकर्ती नेमण्याचे तत्त्व स्वीकारले.

तथापि आरोग्यसेविका ही डॉक्टरांची जागा घेत नाही. अडलेल्या बाळंतिणीस वेळेवर वाहन व शस्त्रक्रिया मिळाली नाही, तर सेविकेने ओळखलेला धोका निष्फळ ठरतो. तसेच तिला ‘स्वयंसेविका’ मानून कामानुसार तुटपुंजा मोबदला देणे, हे विषमता दूर करणाऱ्या व्यवस्थेतच विषमता कायम ठेवणे होय.