कापलेला कर परत मिळतो, पण मागितला तर

आपल्या सभासदांपैकी पुष्कळजण नोकरीतून निवृत्त झालेले आहेत. भविष्य निर्वाह निधीची व ग्रॅच्युइटीची रक्कम मुदत ठेवीत ठेवून तिच्या व्याजावर घर चालविणारी कुटुंबे आम्ही जवळून पाहतो. या व्याजातून बँकेने कर कापला की "सरकारजमा झाला, गेला" असे म्हणून अनेकजण गप्प बसतात. हे आपल्या हक्काच्या पैशावर पाणी सोडणे होय.

बँक कापते तो टीडीएस हा अंतिम कर नसून आगाऊ वसुली आहे. एक उदाहरण घेऊ. ६५ वर्षांच्या गृहस्थांना २०२५-२६ या वर्षात निवृत्तिवेतनाचे २,४०,००० व एकाच बँकेकडून व्याजाचे १,२०,००० रुपये मिळाले. ज्येष्ठांच्या बाबतीत व्याज १,००,००० रुपयांवर गेल्याने बँकेने १० टक्के दराने १२,००० रुपये कापले. वास्तविक त्यांचे एकूण उत्पन्न नव्या करप्रणालीतील ४,००,००० रुपयांच्या करमुक्त मर्यादेच्या आत आहे. म्हणजे देणे कर शून्य! परंतु विवरणपत्र भरल्याखेरीज ते १२,००० रुपये परत मिळणार नाहीत.

यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) कर बसणार नसेल तर वर्षारंभीच बँकेस तसे घोषणापत्र द्यावे. २०२५-२६ साठी साठ वर्षांखालील व्यक्तींना १५जी व ज्येष्ठांना १५एच हा फॉर्म होता. खोटे घोषणापत्र देणे हा गुन्हा आहे.

२) पॅन बँकेत नोंदवावा व आधारशी जोडावा. अन्यथा कपात २० टक्के होते.

३) ठेवी अनेक बँकांत विभागल्याने कपात टळेल, कर टळत नाही. सर्व व्याज उत्पन्नात धरावेच लागते.

४) २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर नाही. तथापि ४ लाखांवर उत्पन्न असल्यास विवरणपत्र भरावेच लागते. शेअर्स विक्रीच्या भांडवली नफ्याचे दर वेगळे आहेत.

५) नव्या प्रणालीत कलम ८०सी ची वजावट नाही. तेव्हा मार्चमध्ये केवळ "कर वाचेल" या शब्दावर विमा पॉलिसी घेऊ नये.

६) विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी, नाहीतर ते न भरल्यासारखेच होते.

आमची विद्यार्थी मित्रांना विनंती आहे, की आयकर विभागाच्या पोर्टलवर वार्षिक माहिती विवरणात आपल्या आई-वडिलांचा किती कर कापला गेला, ते त्यांच्याजवळ बसून पाहावे. पासवर्ड व ओटीपी मात्र परक्याच्या हाती देऊ नये. तासाभराच्या या कामाने घरातील एखाद्या महिन्याचा खर्च परत मिळू शकतो.