मुक्तस्रोत संगणक-संहिता आणि स्वामित्वहक्क

संगणकशास्त्रात ‘लायब्ररी’ म्हणून जी वस्तू ओळखली जाते, तिला ‘ग्रंथालय’ हा प्रतिशब्द योजणे दिशाभूल करणारे आहे. ग्रंथालयातून आणलेला ग्रंथ वाचून परत करावयाचा असतो. उलट, लायब्ररीतून घेतलेली संहिता नव्या कार्यक्रमात सामावून जाते आणि तो कार्यक्रम जेथे जाईल तेथे तीही जाते. दुसऱ्याच्या कृतीचा अंश आपल्या कृतीत असा कायमचा वसणार, तर तो कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न म्हणूनच उपस्थित होतो.

माळेगाव बुद्रुक येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या एखाद्या विद्यार्थ्याने ऊसतोडीच्या व गुऱ्हाळाच्या व्यवसायांतील बोलीशब्द जमवून त्यांचा कोश करणारा कार्यक्रम रचला, असे समजू. वर्णक्रम लावणारी संहिता त्याने एकीकडून घेतली, शब्दांची रूपे ओळखणारी दुसरीकडून. दोन्ही सर्वांना पाहावयास खुल्या होत्या. परंतु खुले असणे म्हणजे अनुज्ञा असणे नव्हे. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक-कार्यक्रमाला ‘साहित्यकृती’च्या वर्गात स्थान मिळाले; संहिता लिहिली जाताच हक्क उत्पन्न होतो, नोंदणीची आवश्यकता नसते आणि तो कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. ज्या संहितेसोबत परवानाच नाही ती सर्वांत मुक्त, हा समज विद्यार्थ्यांत बराच रूढ आहे. वस्तुतः तीच सर्वांत बंदिस्त होय.

परवान्यांच्या दोन परंपरा आहेत. एम.आय.टी. परवाना काही ओळींचाच असून कर्त्याची सूचना व परवान्याचा मजकूर कायम ठेवा, एवढीच त्याची अट असते. ग्नू सार्वजनिक परवाना मात्र असे म्हणतो की, संयुक्त कार्यक्रम दुसऱ्यास देताना तो संपूर्णपणे याच परवान्याखाली आणि मूळ संहितेसह द्यावा. कोश स्वतःपुरता वापरला तर ही अट लागू होत नाही; वाटला की होते. लायब्ररींना ही अट जाचक वाटू लागल्यामुळे १९९१ मध्ये ‘लायब्ररी’ नावाचा एक सौम्य परवाना निघाला. तो लायब्ररींनी सरसकट स्वीकारावा हे त्याच्या कर्त्यांनाच मान्य नव्हते. म्हणून १९९९ मध्ये त्याचे नाव बदलून ‘लेसर’, म्हणजे ‘उणा’, असे करण्यात आले. एका शब्दाच्या बदलातून एवढी नापसंती व्यक्त झाल्याचे उदाहरण विरळाच! अशा अटींना न्यायालयात बळ आहे काय, ही शंका अमेरिकेपुरती २००८ मध्ये ‘जेकबसन विरुद्ध कॅट्झर’ या खटल्यात फिटली. वाद खेळण्यातील आगगाड्या चालविणाऱ्या कार्यक्रमाचा होता; परंतु मुक्त परवान्याची अट मोडणे हा स्वामित्वहक्काचाही भंग ठरू शकतो, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

मराठीला निकटचे उदाहरण ‘लोहित’ या अक्षरसंचांचे आहे. रेड हॅट कंपनीने ते प्रसिद्ध केले. नावातील तांबडा रंग तिच्याच नावातून आलेला आहे. प्रारंभी त्यांना ग्नू सार्वजनिक परवाना होता. अक्षरसंच दस्तऐवजात अंतर्भूत केला असता तो दस्तऐवजही त्याच परवान्याखाली येतो की काय, ही अडचण या परवान्याने निर्माण होत असे. २०११ मध्ये लोहितला एस.आय.एल. मुक्त अक्षरसंच परवाना देण्यात आला. त्यात दस्तऐवज स्पष्टपणे वगळलेला आहे. अक्षरसंच सुटा विकता येत नाही आणि फेरबदल केलेला संच याच परवान्याखाली द्यावा लागतो. एखाद्या बोलीतील स्वरासाठी नवे चिन्ह योजू पाहणाऱ्या भाषाभ्यासकाला अक्षरात बदल करण्याचा हा अधिकार मोलाचा आहे.

आता एक भारतीय पेच. अधिनियमाच्या कलम १९ नुसार हस्तांतरणपत्रात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता, असे मानले जाते. कलम ३० अ हेच नियम आवश्यक त्या फेरफारांसह परवान्यांना लावते. एम.आय.टी. व एस.आय.एल. या दोन्ही परवान्यांत मुदतीचा शब्दही नाही! त्या कलमांचा शब्दशः अर्थ लावला तर विद्यार्थ्याच्या कोशातील एका लायब्ररीची अनुज्ञा सहाव्या वर्षी सरलेली असेल. ‘आवश्यक त्या फेरफारांसह’ या शब्दांत न्यायालयाला वाव आहे हे खरे. सर्व जगाला विनामूल्य दिलेली अनुज्ञा मोबदल्याच्या करारासारखी मोजणे विधिमंडळाला अभिप्रेत असेल, असे वाटत नाही. कलमाचा रोख दुर्बल लेखकाला प्रकाशकापासून वाचविण्याचा आहे, आणि येथे लेखकानेच उदार होऊन दिले आहे. तथापि ग्नू परवान्याची तिसरी आवृत्ती स्वामित्वहक्काची संपूर्ण मुदत नमूद करते आणि अपाचे परवान्याची दुसरी आवृत्ती ‘निरंतर’ व ‘जागतिक’ ही विशेषणे योजते. दोन समान लायब्ररींतून एक निवडावयाची झाल्यास माळेगावच्या त्या कोशकर्त्याने या परवान्याखालील घ्यावी, आणि ती ज्या दिवशी उतरवून घेतली त्या दिवशीचा परवान्याचा मजकूर कोशाच्या संहितेतच जपून ठेवावा.