माळ्यावरची मालमोटार

दरवर्षी स्मरणिकेची वेळ आली की संपादक मंडळ आमच्याकडे धान्यबाजाराविषयी चार पाने मागते आणि आम्ही ती देतो. तूर का चढली, ज्वारीला गिऱ्हाईक का उरले नाही, हा आमचा नेहमीचा विषय. यंदाही तेच लिहावयास बसलो होतो. परंतु दिवाळीपूर्वी रविवार पेठेतील जुन्या दुकानाचा माळा साफ करविताना, वडिलांच्या रोकडवह्यांखाली ठेवलेल्या एका पत्र्याच्या डब्यात खेळण्यातली एक मालमोटार सापडली आणि बाजारभाव मागे पडले. व्यापारी बंधूंनी व त्यांच्या घरच्या मंडळींनी एवढ्या वर्षापुरती क्षमा करावी.

आमचा जन्म १९५९ चा, बेळगावातला. त्या काळची रविवार पेठ म्हणजे गाड्यांचेच गाव होते. पहाटे खेड्यांतून बैलगाड्या येत. त्यांच्या लोखंडी धावांचा खडखडाट ऐकून आमची झोप मोडे. दुपारनंतर मालमोटारी लागत. एक टाटा-मर्सिडीझ आणि दुसरी लेलँड कॉमेट, या दोन जाती आम्ही डोळे मिटून आवाजावरून ओळखत असू. टाटांचा जर्मन कंपनीशी करार १९५४ साली झाला व तो १९६९ पर्यंत चालला, त्यामुळे आमच्या बालपणीच्या टाटा गाडीच्या नाकावर तीन पात्यांचा परदेशी तारा असे. कॉमेट मद्रासची, पण घराणे इंग्रजी. ड्रायव्हरशेजारी बसून वखारीपर्यंत जावयास मिळाले तर त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. कारण आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकावयाची आणि मोटारी नेमक्या तेव्हाच सुटावयाच्या.

ज्याने खऱ्या गाड्या पाहिल्या त्याला खेळण्यातली गाडीही खरी लागते. सावंतवाडीहून येणारी लाखकामाची लाकडी बैलगाडी सुरेख असे, तिचा लाल-पिवळा रंग अजून डोळ्यांपुढे आहे. परंतु तिचे बैल कधी मान हलवीत नसत. ती बहिणींच्या बोळक्यांत जमा होई. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेहून आमच्याकडील हमाल मंडळी परत येत तेव्हा पत्र्याची आगबोट आणीत. ती मात्र खरी! तिच्या पोटात एक चपटी डबी आणि मागे पाण्यात बुडालेल्या दोन नळ्या. डबीखाली तेलाची वात पेटविली की आतील पाण्याची वाफ होऊन ती नळ्यांतले पाणी मागे ढकली. वाफ थंडावली की पाणी पुन्हा आत शिरे, आणि या ये-जा करण्यात फटफट आवाज करीत बोट परातीत गोल फिरे. तिला यंत्र म्हणून काहीच नसे. आईची पितळी परात आम्ही किती वेळा काळी केली याचा हिशेब कोणत्याच वहीत सापडावयाचा नाही.

थोडे मोठे झाल्यावर बेअरिंगची गाडी आली. गॅरेजवाल्याकडून टाकाऊ बेअरिंगे मागून आणावयाची, फळीला आडव्या दांड्या ठोकून त्यांवर ती बसवावयाची, आणि उतारावर सोडून द्यावयाची. तिचा आवाज असा असे की दिवाणजींची बेरीज चुके. आमच्या डाव्या गुडघ्यावरचा व्रण त्याच गाडीचा.

आता माळ्यावरच्या मालमोटारीकडे वळतो. ती डिंकी कंपनीची, लेलँड कॉमेट, वीतभराहूनही आखूड. मेकॅनो काढणाऱ्या फ्रँक हॉर्नबीच्या लिव्हरपूल येथील कारखान्यात १९३४ पासून या नावाने छोट्या मोटारी होऊ लागल्या. जस्ताचा मिश्रधातू साच्यात ओतून त्या करीत. म्हणून हातात घेताच वजन लागे. हा कारखाना १९७९ साली बंद पडला. त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या मॅचबॉक्सची गोष्ट तर आम्हांस फार आवडते. शाळेत आगपेटीत मावेल एवढेच खेळणे आणावयाचे असा नियम होता, म्हणून लंडनच्या एका कारागिराने आपल्या मुलीसाठी आगपेटीत मावणारी गाडी केली आणि १९५३ पासून तोच मोठा धंदा झाला. जपानची कथा याहूनही विलक्षण. १९४५ साली हरलेल्या त्या देशात ओत्सु गावच्या कोसुगे नावाच्या कारागिराने अमेरिकन सैन्याच्या टाकून दिलेल्या डब्यांच्या पत्र्याची छोटी जीप बनविली, आणि तेथून जपानी पत्र्याच्या खेळण्यांचा व्यापार पुन्हा उभा राहिला. पायाखालचा डबा उचलून ज्याने दुकान मांडले त्याला आम्ही व्यापारी नमस्कारच करू.

आमची कॉमेट म्हापशाच्या मामांकडून आली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. त्यापूर्वी तेथे परदेशी माल सर्रास मिळे आणि इकडे त्याचे दर्शन दुर्लभ. मामांनी ती आपल्या मुलासाठी घेतलेली. तो मोठा झाल्यावर आमच्याकडे धाडली. तांबडा रंग, रबरी टायर. साऱ्या पेठेत अशी दुसरी नव्हती, आणि आम्ही तसे सर्वांना सांगतही असू.

त्याच सुमारास आमच्या दुकानी एक हमाल होते. शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून थप्पीच्या माथ्यावर चढताना त्यांचा तोल कधी गेला नाही. त्यांचा मुलगा आमच्याच वयाचा. त्याचे नाव मुद्दामच लिहीत नाही. तो तारेच्या गाड्या करी. कुंपणाची जाड तार सांगाड्यास, बारीक तार गुंडाळण्यास, आणि जुन्या रबरी चपलेतून पैशाएवढी गोल चकती कापून चाके. पुढच्या आसापासून एक लांब तार वर येऊन उभ्याने धरता येईल एवढ्या उंचीवर गोल चक्राकार वळविलेली असे. ते चक्र उजवीकडे फिरविले की पुढची चाके उजवीकडे वळत. मुलगा उभ्या उभ्या पेठभर ती गाडी चालवी, वळणावर वळवी, बैलाच्या शेणाला वळसा घाली. आमची कॉमेट मात्र ढकलली की सरळ जाऊन भिंतीवर आदळे. आम्ही त्याच्या गाडीस हसत असू. मनातून काय वाटे ते येथे सांगावयास आता हरकत नाही.

मध्येच १९७२ सालची एक आठवण सांगतो. वडिलांबरोबर आम्ही मुंबईस गेलो होतो. मुंबईचा धान्यबाजार तेव्हा दाणाबंदरावर होता. वाशीस जावयाचा होता. आमचे आडत्ये कच्छी, घरंदाज. त्यांचे काही आप्त केनियात होते आणि १९६८ च्या प्रारंभी ब्रिटनने दारे आवळण्यापूर्वी जी हजारो भारतीय कुटुंबे तिकडे धावली त्यांत तेही लंडनला गेले. त्यांनी धाडलेला विजेच्या शर्यतीच्या मोटारींचा संच आडत्यांच्या मुलाने जमिनीवर मांडला होता. स्केलेक्स्ट्रिक असे त्याचे नाव. फ्रेड फ्रान्सिस नावाच्या इंग्रजाच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या स्केलेक्स मोटारी होत्या. त्यांना वीज जोडून १९५७ साली त्याने हा नवा प्रकार बाजारात आणला. तसे पाहिले तर अमेरिकेतील लायनेल कंपनीने १९१२ सालीच विजेच्या शर्यती मोटारी विकल्या होत्या, पण तो माल तेव्हा टिकला नाही. बाजारात लवकर येणे हेही कधी कधी उशिरा येण्याइतकेच वाईट.

काळ्या रुळपट्टीचे तुकडे जोडून आठच्या आकड्यासारखा रस्ता केलेला. त्यात प्रत्येक मोटारीसाठी एक खाच आणि खाचेच्या दोन्ही बाजूंस धातूच्या पट्ट्या. मोटारीच्या पोटाखालची खुंटी खाचेत बसे, तारेच्या कुंच्या पट्ट्यांना घासत आणि बारा व्होल्टची वीज आतल्या इवल्या यंत्रास मिळे. हातात एक मूठ. तिचा दट्ट्या अंगठ्याने जितका दाबावा तितकी वीज अधिक, तितका वेग अधिक. सारा दिवाणखाना जळक्या तेलाच्या वासाने भरला होता. पहिल्याच वळणावर आमची मोटार उडून कपाटाखाली गेली. दुसऱ्यांदा गेली. वळणाच्या आधी अंगठा सैल करावयाचा असतो हे कळेपर्यंत दुपार संपली. तो मुलगा हसून म्हणाला, "यात सुकाणू नाहीच. खाच नेईल तिकडे गाडी जाते. आपण फक्त वेग पाहायचा." आम्हांस त्या क्षणी तारेची गाडी आठवली आणि खेळावरून मन उडाले. आडत्यांना वाटले, मुलगा लाजला.

तेव्हा तारेची गाडी का आठवली ते सांगणे भाग आहे. एवढा वेळ आम्ही ते टाळीत होतो, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

१९६९ च्या चैत्रात आमची कॉमेट हरवली. दिवाणजींनी विचारले, "शेवटी तुझ्याबरोबर कोण खेळत होतं?" आम्ही हमालांच्या मुलाचे नाव सांगितले. खेळत होता हे खरेच होते. परंतु प्रश्न ज्या सुरात विचारला त्या सुरात उत्तराचा अर्थ दुसराच झाला, आणि तो होऊ दिला. वडिलांनी हमालांना बोलावून सौम्य शब्दांतच विचारले. हमाल एवढेच म्हणाले, "घराची झडती घ्या की, सावकार." झडती कोणी घेतली नाही. दुसऱ्या दिवसापासून ते आमच्या दुकानी आले नाहीत. पेठेच्या दुसऱ्या टोकाला पोती उचलू लागले. मुलगाही दिसेनासा झाला.

तिसऱ्या रात्री अंथरुणात आम्हांस आठवले. वखारीत ज्वारीच्या थप्पीखाली ओल लागू नये म्हणून लाकडी फळ्या घातलेल्या असत. त्या फळ्यांमधली पोकळी आम्ही मोटारीचे गॅरेज केले होते आणि कॉमेट तेथे आत लावली होती. सकाळी उठून सांगावे असे ठरविले. सकाळी वडिलांची मुद्रा पाहिली आणि सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी सांगणे अधिक कठीण झाले, आठवड्यानंतर अशक्य. थप्पी श्रावणापर्यंत हलावयाची नव्हती. चार महिने आम्ही त्या वखारीच्या दारावरून गेलो की दुसरीकडे पाहत असू.

श्रावणात माल उचलला आणि झाडताना गाडी निघाली. वडिलांनी ती धोतराच्या सोग्याने पुसली, आमचा हात धरला आणि पायी हमालांच्या घरी नेले. दारात उभे राहून स्वतः हात जोडले. रविवार पेठेतला सावकार हमालापुढे हात जोडतो हे आम्ही त्यापूर्वी पाहिले नव्हते. मग आम्हांस म्हणाले, "गाडी याला दे." आम्ही पुढे केली. मुलाने हातात घेतली, उलटीसुलटी केली, पुढचे चाक बोटाने वळवून पाहिले आणि परत दिली. म्हणाला, "ह्याचं पुढचं चाक वळतच न्हाई की."

हमाल पुढे आमच्याकडे परत आले नाहीत. वडिलांनी गाडी डब्यात घालून माळ्यावर ठेवली आणि तिचे नाव घरात पुन्हा निघाले नाही. आम्हांस ती थप्पीखाली असल्याचे ठाऊक होते ही गोष्ट वडिलांना आम्ही कधी सांगितली नाही. ते १९९४ साली गेले.

गाडी सापडल्यावर प्रथम तराजूत घातली, सवयच ती. पाव किलोच्या आसपास भरली. नातू सात वर्षांचा. त्याच्या बॅटरीच्या गाड्या रंगीत व वेगवान असतात, पण वजन म्हणून लागत नाही. त्याने कॉमेट जमिनीवर ढकलली, ती भिंतीवर आदळली, आणि त्याने विचारले, "आजोबा, ही वळत नाही का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला पिशवीत घालून निघालो. तो मुलगा पुढे उद्यमबागेतल्या ओतकामाच्या कारखान्यात लागला आणि निवृत्त झाला, एवढे ऐकून होतो. घर शोधण्यास अर्धा दिवस गेला. आमच्याहून तो तरुण दिसतो. चहा झाला. गाडी त्याच्या हाती दिली, आणि छप्पन्न वर्षे जे कोणापाशी बोललो नव्हतो ते बोललो.

त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं की. तुम्ही फळीखाली लावली तेव्हा मी तिथंच हुतो."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर म्हणाले असते, ह्यानंच लपवली."

यावर आम्हांस काही बोलता आले नाही. तो मात्र गाडीकडे पाहत राहिला होता. ओतकामात जन्म गेलेला माणूस. साच्याचा जोड कोठे आहे, रंगाखाली घासणी कशी केली आहे, हे त्याने नखाने दाखविले. काम चोख आहे, म्हणाला. मग नातवाचे वय विचारले, तो उभा राहिला की आपल्या कमरेस कोठवर येतो ते हाताने दाखवावयास लावले, आणि रविवारी त्याला घेऊन येण्यास सांगितले.

"तार आहे माझ्याकडं," तो म्हणाला. "जुनी रबरी चप्पल तेवढी तुमच्या घरची आणा, सावकार."