किती किलो गेले, आणि काय गेलं?

माझी देवपूरची मावशी वीस वर्षांची मधुमेही. वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं आणि सात महिन्यांत ती सव्वीस किलोंनी उतरली. इन्सुलिन सुटलं. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, गल्लीभर कौतुक झालं. पण पाटावरून उठताना तिला भिंत धरावी लागायची आणि भाकरीचं पीठ मळताना हात भरून यायचे.

वजनकाटा चरबी, स्नायू, हाडं, पाणी सगळं एकत्रच मोजतो. 'स्लीव्ह' शस्त्रक्रियेत जठराचा तीन-चतुर्थांशाहून थोडा जास्तच भाग काढून टाकतात. भूक मंदावते, चार घासांत पोट भरतं आणि शरीर साठवणीवर जगू लागतं. त्यात चरबीबरोबर स्नायूही झिजतात. घटलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबीखेरीजचा असतो, आणि ही झीज मुख्यतः पहिल्या काही महिन्यांतली.

चरबी जाते ती मात्र नेमक्या जागची जाते. यकृतातली चरबी उतरली की उपाशीपोटीची साखर खाली येते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांच्या गटाने शस्त्रक्रियेआधी आणि आठ आठवड्यांनी स्वादुपिंडातली चरबी मोजली. मधुमेह असलेल्यांचं आणि नसलेल्यांचं वजन सारखंच घटलं होतं. स्वादुपिंडातली चरबी मात्र मधुमेह्यांचीच कमी झाली. जेवणानंतर इन्सुलिनचा जो पहिला झोत यायला हवा, तोही त्यांच्यात सुधारला. मला हे फार दिलासा देणारं वाटतं.

आपल्या लोकांची अडचण वेगळी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे आपली स्नायूंची शिल्लक मुळातच बेताची. जेवणातली साखर उचलणारं सर्वांत मोठं कोठार तर स्नायूच. ते रिकामं झालं तर उद्या साखर ठेवायची कुठे?

म्हणून ऑपरेशननंतर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं सांगतात. एका अंड्यात जेमतेम सहा. आपली कळण्याची भाकरी गुणाची, ज्वारीला उडदाची जोड असते. पण एवढ्याशा जठरात भाकरी आणि शेवभाजीचा रस्सा आधी गेला, तर डाळीला जागा उरत नाही. मावशीने ताटाचा क्रम बदलला: आधी घट्ट डाळ, पनीर किंवा अंडं, भाकरी शेवटी. सोबत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलायचा आणि खुर्चीवरून हात न टेकता उठायचा व्यायाम. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या तर कायमच्याच.

घरात कुणाचं हे ऑपरेशन ठरत असेल, तर तारीख घेण्याआधी चरबी आणि स्नायूंचं वेगवेगळं मोजमाप करून घ्या. डेक्सा स्कॅन किंवा शरीरातून सौम्य वीजप्रवाह सोडून मोजणारं यंत्र, जे मिळेल ते. आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला त्याच यंत्रावर. मावशीच्या जाडजूड फायलीत वजनाच्या चौदा नोंदी आहेत. स्नायूंची पहिली नोंद ऑपरेशननंतर आठव्या महिन्यातली आहे, त्यामुळे तिचे नेमके किती स्नायू गेले ते आता सांगता येत नाही.