पेल्यात घायपात, अंगावर घायपात!

मेक्सिकोच्या समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीला आलेल्या माणसाच्या हातात मेस्काल या मद्याचा छोटा पेला असतो आणि अंगावर भरतकाम केलेला सैलसर सुती अंगरखा. सुट्टीतल्या अशा कपड्यांना फॅशनच्या बाजारात ‘रिसॉर्ट वेअर’ म्हणतात. मोठे ब्रँड थंडी आणि उन्हाळा या दोन मुख्य हंगामांच्या अधेमधे त्यांचं वेगळं कलेक्शन काढतात. त्या कलेक्शनांना गेली काही वर्षं मेक्सिकोचा, विशेषतः मेस्कालचं माहेर असलेल्या वाहाका राज्याचा नाद लागला आहे. नाद लागावा असं तिथे आहे तरी काय?

हारातली गुलछडी नात्यातलीच

मेस्काल बनतं घायपातापासून. आपल्याकडे माळावर, बांधावर, रेल्वेच्या कडेला दिसणारी ही काटेरी पानांची वनस्पती मूळची मेक्सिकोची. मराठवाड्यात तिला केकताड म्हणतात. दिसायला निवडुंगासारखी असली, तरी तिचं कुळ शतावरीचं. त्याहून गंमत म्हणजे देवाच्या हारातली गुलछडी, म्हणजे आपला निशिगंध, हीसुद्धा मेक्सिकोतूनच आलेली. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे तिला थेट घायपाताच्या प्रजातीत नेऊन बसवलं आहे. आपल्या दख्खनच्या माळावरच्या घायपातापासूनही मद्य निघतं. डेस्मंड नाझरेथ यांनी हा उद्योग उभा केला आणि 2011 मध्ये त्यांच्या बाटल्या गोव्यात विक्रीला आल्या.

आधी खड्डा, मग पेला

टकीला हा खरं तर मेस्कालचाच एक प्रकार, फक्त निळ्या घायपाताचा. मेस्कालला मात्र कितीतरी जातींचे घायपात चालतात. त्यातला ‘एस्पादिन’ तयार व्हायला 6 ते 8 वर्षं लागतात, काही रानटी जातींना त्याहून जास्त. पानं छाटली की उरतो तो जड गड्डा. त्याला तिथे ‘पिन्या’ म्हणजे अननस म्हणतात आणि तो दिसतोही तसाच. जमिनीतल्या खड्ड्यात दगड तापवायचे, त्यावर गड्डे रचायचे, वरून माती लोटायची आणि काही दिवस भाजू द्यायचे. मेस्कालचा धुरकट वास येतो तो या खड्ड्यातून. मग घोडा किंवा खेचर जुंपलेल्या दगडी चाकाखाली गड्डे चिरडायचे, लाकडी पिंपात आंबवायचे आणि दोनदा ऊर्ध्वपातन करायचं.

ताकद जोखायची पद्धत तर बघत राहावी अशी. कारागीर पोकळ वेताच्या नळीत मद्य ओढतो आणि वाळक्या फळाच्या कवचाच्या वाटीत त्याची धार सोडतो. वर फेसाचे मणी उठतात. ते किती मोठे आहेत आणि किती वेळ टिकतात, यावरून त्याला नेमका अंदाज येतो. या मण्यांना तिथे ‘मोती’ म्हणतात.

सणासमारंभासाठी ‘पेचुगा’ नावाचं एक खास मेस्काल काढतात. त्याच्या शेवटच्या ऊर्ध्वपातनाच्या वेळी भांड्यात फळं आणि मसाले घालतात आणि वर कोंबडीचा किंवा टर्कीचा कच्चा तुकडा टांगतात!

सुई आणि दोरा एकाच झाडाचे

घायपात नुसता पेल्यातच नाही, अंगावरही आला. त्याच्या पानातला वाख आपल्याकडे दोरखंडांना वापरला गेला, मेक्सिकोत त्याचे कपडेही विणले गेले. पानाच्या टोकाचा काटा बेताने ओढला, तर मागे लांब धागे तसेच चिकटून येतात, म्हणजे ओवलेली सुई हातात तयार. ॲझ्टेक राज्यात सामान्य माणसाने वाखाचंच वस्त्र नेसायचं, सुती कापड सरदार-दरकदारांचं, असा दंडक होता. ॲझ्टेकांची मायावेल ही देवी तर साक्षात घायपाताची. तिला 400 स्तन आणि तिची लेकरं म्हणजे 400 ससे, जे नशेचे देव मानले जात. 400 म्हणजे तिथे ‘अगणित’.

पुढे युकातानमध्ये घायपाताच्या एका जातीला ‘हिरवं सोनं’ म्हणू लागले. तिच्या वाखाचे दोर सिसाल बंदरातून जगभर जात.

गोगलगायीचं दूध

मला विचाराल तर साऱ्या रिसॉर्ट वेअरमध्ये सगळ्यात अस्सल कापड वाहाकाच्याच किनाऱ्यावर रंगतं. पिनोतेपा दे दोन लुईस या गावचे मिश्तेक समाजाचे रंगारी हिवाळ्याच्या महिन्यांत वातुल्कोच्या खाड्यांकडे निघतात. वातुल्को आज मोठं पर्यटनस्थळ आहे. ओहोटीच्या वेळी ते निसरड्या खडकांवर चढतात. मनगटाला सुताची लड गुंडाळलेली असते. फटीतली समुद्री गोगलगाय काडीने सोडवायची, तिच्यावर फुंकर घालायची किंवा तिला हलकेच दाबायचं, म्हणजे ती दुधासारखा द्रव सोडते. तो सुतावर टिपायचा आणि गोगलगायीला पुन्हा ओल्या, सावलीतल्या फटीत जिवंत ठेवायचं. उन्हात ते सूत डोळ्यांदेखत रंग बदलतं: आधी पिवळं, मग हिरवं, शेवटी जांभळं. हा रंग पक्का बसायला तुरटी लागत नाही आणि तो विटत नाही. कापडाला समुद्राचा वास मात्र कायमचा राहतो.

1980 च्या दशकात एका परदेशी कंपनीने इथल्या गोगलगायी रंगासाठी बेसुमार ओरबाडल्या. मग सरकारने 1988 मध्ये बंदी घातली आणि हा हक्क पारंपरिक रंगाऱ्यांपुरता राखला. आज ते मोजकेच उरले आहेत. या जांभळ्या, निळीच्या निळ्या आणि किरमिजी लाल सुताच्या पट्ट्यांनी गावातल्या बायकांचं नेसूचं वस्त्र विणलं जातं.

तो लाल रंगही साधा नाही. तो निवडुंगावर पोसलेल्या कोचिनील किड्यांचा. पौंडभर रंगाला सुमारे 70,000 वाळवलेले किडे लागतात. स्पॅनिश राजवटीत मेक्सिकोतून चांदीच्या खालोखाल मोल होतं ते याच मालाला. ब्रिटिश अधिकाऱ्यांचे लाल कोटही यानेच रंगत. तेओतित्लान देल व्हाये गावचे विणकर आजही तो वापरतात. त्यात लिंबू पिळलं की केशरी झाक येते, सोडा घातला की जांभळी.

माडी गेली मेक्सिकोला

आता पुन्हा पेल्याकडे वळू. 1565 पासून अडीचशे वर्षं मनिला आणि आकापुल्को यांच्यात स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती. त्यांच्यातून गेलेल्या फिलिपिनो खलाशांनी कोलिमाच्या किनाऱ्यावर नारळाची माडी काढायला आणि ती गाळायला सुरुवात केली. घायपाताचं मद्य गाळण्याची विद्या त्यांच्याच भट्ट्यांवरून पसरली, असं अनेक संशोधकांचं मत आहे. कोलिमात माडी आजही विकली जाते आणि तिला ‘तूबा’ म्हणतात.

याच वाटेने 1620 च्या आसपास भारतातली एक मुलगी गुलाम म्हणून पुएब्लाला पोचली. कातारिना दे सान हुआन या नावाने ती संतपदाला चढली, निदान लोकांच्या मनात. मेक्सिकोचा ‘चीना पोब्लाना’ हा भरजरी राष्ट्रीय पोशाख लोकपरंपरा तिच्या नावावर घालते. इतिहासकारांना ते पटत नाही, पण पुएब्लाकरांना पटतं.

नक्षी कुणाची, नाव कुणाचं?

इथून गंमत संपते आणि खरा प्रश्न सुरू होतो. इदाल्गो राज्यातल्या तेनांगोचं पशुपक्ष्यांचं भरतकाम जगभर गाजतं. ते 1960 च्या दशकात, दुष्काळाने पिकं गेल्यावर, पोटासाठी सुरू झालं. 2019 मध्ये कॅरोलिना हेरेरा या ब्रँडच्या रिसॉर्ट 2020 कलेक्शनमध्ये तशीच नक्षी आणि साल्तियोच्या चादरीचे पट्टे झळकले. मेक्सिकोच्या तेव्हाच्या संस्कृतिमंत्री आलेहांद्रा फ्राउस्तो यांनी पत्र लिहून विचारलं, यात त्या गावांना काय मिळणार? त्याआधी 2015 मध्ये वाहाकातल्या त्लाविटोल्टेपेक गावच्या झंपराच्या नक्षीवरून दोन फ्रेंच ब्रँड पॅरिसच्या कोर्टात भांडत होते! अखेर मेक्सिकोने मूलनिवासी समाजांच्या वारशाच्या रक्षणाचा कायदाच केला. तो जानेवारी 2022 मध्ये लागू झाला. मे 2023 मध्ये दिओरने आपलं क्रूझ कलेक्शन मेक्सिको सिटीत दाखवलं, तेव्हा तिथल्या कारागिरांना कामात सोबत घेतलं होतं.

हे दुखणं आपल्या ओळखीचं आहे. जून 2025 मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने कोल्हापुरी चप्पल दाखवली, तीही कोल्हापूरचं नाव न घेता. इकडे ओरड झाल्यावर मूळ मान्य केलं. लगेच ऑगस्टमध्ये आदिदासला वाहाकातल्या यालालाग गावी माणसं पाठवून जाहीर माफी मागावी लागली. कारण तेच: तिथल्या पारंपरिक वहाणेची न विचारता उचललेली विणकाम-धाटणी.

मेस्कालवाल्यांनी यावर तोड काढली आहे. हातभट्टीच्या चांगल्या बाटलीवरच्या चिठ्ठीत घायपाताची जात असते, गाव असतं आणि गाळणाऱ्या कारागिराचं नावही असतं. अंगरख्याच्या किंवा झंपराच्या आतल्या चिठ्ठीवर मात्र बहुतेकदा फक्त माप आणि धुण्याच्या सूचना. ही चिठ्ठी बदलायला कायदा पुरणार नाही, गिऱ्हाईकच लागेल. तेव्हा पुढच्या सुट्टीसाठी ‘मेक्सिकन’ भरतकामाचा अंगरखा घ्याल, किंवा घरच्या बाजारातून कोल्हापुरी घ्याल, तेव्हा दुकानदाराला एवढं जरूर विचारा: हे कुठल्या गावचं आणि कुणी केलं?